नवी पेठेत चादरींचं छोटं दुकान, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर) आहे. घरमालकाचा जीएसटी नंबर नाही. भाड्यावरचा 18 टक्के कर मला भरावा लागेल का?

नाही, 16 जानेवारी 2025 पासून भरावा लागत नाही. 10 ऑक्टोबर 2024 ला हा बोजा भाडेकरूवर आला होता. 15,000 भाड्यावर 2,700 रुपये, तेही क्रेडिट (भरलेला कर आपल्या देय करातून वजा करणं) न मिळता. डिसेंबरच्या जीएसटी कौन्सिलमध्ये कंपोझिशनवाल्यांना वगळायचं ठरलं. मधल्या तीन महिन्यांचं 'जैसे थे': ज्यांनी भरला नाही ते सुटले, भरला त्यांना परतावा नाही (प्रामाणिकपणाचं बक्षीस!). मी चाटी गल्लीतल्या दुकानदारांचे सीएमपी-08 (कंपोझिशनवाल्यांचं तिमाही कर-विवरण) भरतो, त्यात आता भाड्याचा आकडा येत नाही. मात्र मालकाने उद्या नंबर घेतला, तर तो भाड्यावर 18 टक्के लावणारच आणि क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. भाडेकरार नूतनीकरणाला आला की हे आधी विचारा.