पाचोळा झाडू नकोस

अरे, पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोपं जगली म्हणजे काम झालं असं नाही. खरी घडामोड खाली चालते. कोवळ्या लागवडीच्या मातीत जिवाणूंचा जोर असतो. वर्षागणिक पाचोळा साठतो, सावली धरते, तशी बुरशी वाढत जाते. लाकडातलं चिवट लिग्निन फोडणं मुख्यतः तिलाच जमतं. श्रावणात जुन्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडाखालचा पाचोळा हलकेच उचलून बघ, बुरशीचे पांढरे तंतू दिसतील. ओल्या मातीचा वास मात्र जिवाणूंचा बरं का, बुरशीचा नव्हे! गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र धरतात. तरी नुसत्या गिरिपुष्पावर मी खूश नाही, ते परदेशी झाड. नव्या खड्ड्यात टेकडीवरच्याच जुन्या देशी झाडाखालची ओंजळभर माती टाक, म्हणजे तिच्यातले जिवाणू नि बुरशी नव्या रोपापाशी येतील. आणि पाचोळा पेटवताना कुणी दिसलं, तर खुरपं ठेवून आधी तिकडे पळ.