क्रूड ऑइलच्या एकाच नमुन्याचं ॲब्सॉर्बन्स दर वेळी वेगळं का येतं?

रत्नागिरीच्या कॉलेजात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं क्रूड स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजताना ॲब्सॉर्बन्सचा, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो त्याचा, आकडा 2.7 च्या वर जात नाही आणि पातळ केल्यावर वरखाली होतो, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

ॲब्सॉर्बन्स 3 म्हणजे प्रकाशाचा हजारातला एकच भाग पलीकडे पोचतो. यंत्रात तेवढाच, म्हणजे 0.1 टक्का, भटका, म्हणजे मोजायचा नसूनही मोजला जाणारा, प्रकाश असेल तर खरं 3 असताना 2.7 दिसतं. कितीही वेळा मोजा, तेच येणार. सरासरीने ही चूक जात नाही. टोल्यूइन या द्रावकात पातळ करून 0.3 ते 1 च्या दरम्यान आणा. (285 नॅनोमीटरच्या खाली टोल्यूइन स्वतःच प्रकाश शोषतं, तो भाग सोडा.)

वरखाली होण्यामागे बहुधा मेण आहे. हे क्रूड मेणयुक्त. एसीच्या खोलीत त्यात बारीक स्फटिक धरतात, ते प्रकाश विखुरतात आणि यंत्र त्यालाही शोषणच समजतं. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती गरम पाण्यात ठेवा, नीट हलवा, मगच नमुना घ्या. पावसाळ्यात थंड क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) बाहेर काढली की काचेवर दव धरतं, तेही पुसा.

आता अनिश्चितता. प्रकाशाची वाट 1 मिमी असलेल्या क्युव्हेटमध्ये 0.01 मिमीचा फरक म्हणजे 1 टक्का, पातळ करण्यात समजा 2, वाचनात 0.5. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: सुमारे 2.3 टक्के. म्हणजे महागड्या यंत्राआधी पातळ करणं सुधारा. जाड तेल पिपेटला चिकटतं, म्हणून ते वजन करूनच घ्या.