आधी कोर्स की आधी पावसाळा?

प्रश्न : खानापूरजवळ आमची वडिलोपार्जित 30 गुंठे उताराची जमीन पडून आहे. मी बेळगावात नोकरी करते. परमाकल्चर, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती आखायची पद्धत, शिकून तिथं फळझाडं लावायचा विचार आहे. आधी कोर्स करू का? तुम्ही या वाटेला कसे लागलात?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : ताई, मी उद्यमबागेत लेथवर होतो. सुट्टीला गावी गेलो की थोरल्या काकांचं एकच पालुपद : माती ओढ्यात चालली. त्यावर काय करता येईल हे विचारत फिरताना परमाकल्चर कानावर आलं. 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ते मांडलं. त्यातलं तत्त्वज्ञान मला सावकाश उमगलं, पण ए-फ्रेम, म्हणजे उतारावर समपातळीची रेघ आखायचं A आकाराचं साधन, लगेच पटली. लेव्हल बघण्यात आयुष्य गेलेला माणूस मी!

दोन सारखे बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड. पाय टेकवून दोरी काठीवर जिथं येते तिथं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये दोरी थांबली की पाय एका पातळीत. तसं सरकत खुंट्या ठोकत जा. रेघ नागमोडी येते. सरळ करायचा मोह आवरा. त्याच रेघेवर पाणी आणि माती अडवायला चर खणायचा, निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बांध घालायचा.

व्हिडिओतले चर बघून मात्र हुरळू नका. ते बहुतेक कोरड्या मुलखातले. अथणी-रायबागकडं ठीक, पण कणकुंबीच्या अंगाला पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. चर भरला आणि पाण्याला वाट नसली की बांध फुटून खालच्या भातात जातो. म्हणून आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, ठरवा, तोंडाशी दगड रचा, बांधावर वाळा लावा. गिरीपुष्पही लावा, पाला भाताच्या चिखलणीत खत म्हणून कामाला येतो.

कोर्स साधारण 72 तासांचा असतो, जरूर करा, पण यंदाचा पावसाळा जमिनीवर काढून. जुलैत छत्री घेऊन ऐन पावसात फिरा. पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कुठं गढूळ होतं, ते वहीत काढा. झाडं पुढच्या वर्षी. फणसाला साचलेलं पाणी सोसत नाही, त्याला वरचा कोपरा ठेवा. आणि सांडव्याची दिशा खालच्या शेतकऱ्याला विचारूनच ठरवा, पाणी त्याच्याच बांधावर जाणार आहे.