रंग नंतर, आधी सिरीयल नंबर बघ
अरे, तुझा जुना गार्डन ट्रॅक्टर कुठला ते विचारतोयस, लगेच रंगवायलाही निघालायस. पिवळा-पांढरा रंग बघून कब कॅडेट (छोट्या गार्डन ट्रॅक्टरचा ब्रँड) म्हणतोयस, बरोबर असेल, पण मॉडेल इंजिनवरून ठरवू नकोस, त्यातली कोहलर कंपनीची इंजिनं सर्रास बदललेली असतात. सिरीयल नंबर शोध. साठच्या दशकातला असेल तर वाकून बघ, इंजिनाची ताकद मागे बेल्टने जाते का, बेल्ट म्हणजे १९६१-६३ चं ‘ओरिजिनल’ मॉडेल, नंतरच्या ७० आणि १०० या मॉडेल्सना थेट शाफ्ट. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नकोस, आणि रंगाची घाई कशाला, आधी चालू तर होऊ दे! स्पार्क नसेल तर नवी इग्निशन कॉइल घेण्याआधी पॉइंट्स (स्पार्कसाठी उघडबंद होणारे छोटे संपर्क) साफ कर, त्यांच्यातली गॅप ०.०२० इंच. टाकी, कार्बोरेटर धुवून घे. खोलताना फोटो काढत जा, गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा तर नक्कीच, ती चुकीच्या भोकात बसली की इंजिन बेफाम पळतं.