आपल्याच लोकांत सेवा करणाऱ्या पाळकाला (ख्रिस्ती धर्मोपदेशकाला) दरमहा पैसे पाठवावेत का, आणि कसे?

पाठवा, पण पाळकाच्या खाजगी खात्यात नको. मंडळीच्या, म्हणजे त्याच्या चर्चच्या, खात्यात पाठवा, आणि ते दोन सह्यांवर चालणारं असावं. रक्कम थेट पाळकाच्या हातात गेली की तो नकळत मंडळीऐवजी दात्याला उत्तर देऊ लागतो. मंडळीही ‘बाहेरून येतंच आहे’ म्हणून दानपेटीत हात आखडता घेते. हे नुकसान भरून यायला वर्षं जातात.

मदतीची मुदत पहिल्याच पत्रात लिहा. समजा चार वर्षं: पहिल्या वर्षी पूर्ण, मग पाऊण, निम्मी, पाव. तेवढा वाटा मंडळीने वाढवत न्यायचा. अचानक बंद केलेली मदत सगळ्यात वाईट. मुलांची फी मध्येच अडकते. १८९० मध्ये चीनमध्ये काम करणारे अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस यांनी कोरियातल्या मिशनऱ्यांना हेच सांगितलं होतं, की स्थानिक मंडळीने आपला खर्च आपण उचलावा.

एकरकमी द्यायचं असेल तर आजारपणाचा निधी, पाळकाच्या भाषेतली अभ्यासाची पुस्तकं, प्रशिक्षणाची फी. मोटारसायकल दिलीत तर टायर, ऑइल, पेट्रोल कोण भरणार तेही ठरवा, नाहीतर सहा महिन्यांत ती ओसरीत उभी राहते.

दर तिमाहीला हिशोब मागा. बाप्तिस्म्यांचे आकडे मात्र मागू नका, त्याने आकडे फुगतात. पैसे देशाबाहेरून जाणार असतील तर तिथला परकीय देणगीचा कायदा आधी तपासा. चूक झाली तर भोगावं पाळकाला लागतं.