घोडी बोर्डिंगला ठेवलीय आणि बरगड्या दिसतायत, काय करू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मुलगी रायडिंग शिकते म्हणून आम्ही रेसमधून काढलेली एक थोरोब्रेड घोडी घेतली, वय ९, आणि पुण्याबाहेर एका तबेल्यात महिन्याच्या पैशांवर ठेवलीय. आधी सगळं छान होतं पण दिवाळीपासून बरगड्या लांबूनच मोजता येतात, दुपारी कधीही गेलं तरी पाण्याची बादली कोरडी, पॅडॉकला काटेरी तार. विचारलं तर तबेल्याचे मालक म्हणतात थोरोब्रेड अशाच बारीक असतात, रोज २० किलो हिरवा चारा देतो, वर कोंडा आणि चंदी (धान्याचा खुराक) आहेच, तुम्ही नवीन आहात तुम्हाला कळत नाही. भांडू, गप्प बसू का घोडी हलवू? – एक आई, पुणे

उत्तर: ताई, भांडण नंतर करा, आधी पाणी. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ लिटर तरी लागतंच, उन्हाळ्यात किंवा काम झाल्यावर ५० लिटरपर्यंत जातं, म्हणजे एका बादलीचं कामच नाही. पाणी कमी पडलं की आतलं कोरडं होतं, लीद अडकते आणि पोटशूळ होतो, आणि घोड्याला उलटी करताच येत नाही त्यामुळे पोटात जे अडकलं ते फार वाईट जातं. दुसरी बादली स्वतः विकत घेऊन बांधा, दोनतीनशे रुपयात काम होतं, मालकाची परवानगी कसली मागायची यात.

आता ते २० किलो. ऐकायला भरपूर वाटतं ना, पण नेपियर गवतासारख्या हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, म्हणजे सुका चारा पडला जेमतेम ४ किलो. ४५० किलोच्या घोडीला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साधारण ७ ते ९ किलो सुक्या हिशोबाने पोटात जायला हवं, आणि ते दिवसभर थोडं थोडं, कारण घोड्याच्या पोटात ॲसिड सतत बनत राहतं, चारा असो वा नसो. सकाळ संध्याकाळ दोनदा टाकून मधे दहा तास उपाशी ठेवलं की अल्सर होतात, रेसमधून आलेल्या घोड्यांना तर आधीच असतात बऱ्याचदा. अजून एक, नुसतं नेपियर आणि वर कोंडा हे जोडगोळीच चुकीची आहे. नेपियरमधलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त, मग शरीर हाडातलं कॅल्शियम काढायला लागतं, घोडं लंगडतं आणि पुढे तोंडाची हाडं सुजतात. लसूणघास किंवा चांगलं वाळलेलं गवत त्यात घाला आणि कोंडा कमी करायला सांगा.

थोरोब्रेड बारीक असतात हे अर्धं खरं. १ ते ९ असा एक मापाचा स्कोर आहे, अमेरिकेत १९८३ साली हेनेके यांनी तयार केलेला, जगभर वापरतात. ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की सहज लागतात, ४ ला पुसट दिसतात, आणि लांबून मोजता येत असतील, पाठीचा कणा वर आला असेल तर ती ३ किंवा खाली आहे. हे जातीवर ढकलता येत नाही. टेपने वजनही काढा, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,९०० ने भागायचं. घेर १७५ आणि लांबी १५५ आली तर ४०० किलोच्या आसपास. दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा आणि त्याच जागेवरून त्याच बाजूने फोटो काढा, तारखेसकट. मालकाशी बोलताना "मला वाटतं" म्हणण्यापेक्षा ही वही पुढे ठेवली की आवाज आपोआप खाली येतो :)

पण एक सांगतो, सगळा दोष मालकाच्या माथी मारायच्या आधी डॉक्टरांकडून दात, जंत आणि रक्त बघून घ्या. दिवाळीपासून उतरली म्हणताय म्हणून मला शंका येते ती सर्राची, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराची. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, ताप येतो जातो, पाय सुजतात, आणि खाऊनही घोडं वाळत जातं. दाढांना टोकं आली असली तरी तेच, चावता येत नाही, अर्धवट चावलेला चारा तोंडातून गोळे होऊन पडतो, गव्हाणीखाली बघा.

काटेरी तार मात्र हलवायलाच लावा. घोडा घाबरला की आधी पळतो मग बघतो, आणि तारेत अडकलेला पाय मी ज्या अवस्थेत पाहिलेत ते लिहवत नाही.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो कारण ते तुम्हालाही लागू आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये चारा, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा आहे, आणि घोडीच्या मालक तुम्ही आहात, पैसे भरले म्हणून जबाबदारी तबेल्यावर पूर्ण गेली असं होत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, हो पन्नासच, त्यामुळे कायद्याची भीती कुणाला वाटत नाही. म्हणून करारात लिहून घ्या की किती चारा, किती वेळा, आणि तुमचा फोन लागला नाही तर डॉक्टरला कोण बोलावणार. तबेल्याचा मालक लिहून द्यायला तयार नसेल तर मी तरी घोडी हलवेन. पण नवी जागा बघायला जाताना तिथे न सांगता जा, दुपारी दोनला, आणि ऑफिसमध्ये चहा पिण्याआधी साईसशी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याशी बोला, एकाकडे किती घोडी आहेत ते विचारा.

प्रश्न: आमच्या तबेल्यात सारंगखेड्याच्या यात्रेतून तीन नवीन घोडे आणले आणि त्याच दिवशी माझ्या घोड्याच्या शेजारी बांधले. घाबरायचं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: घाबरू नका पण आजच वेगळे बांधायला सांगा, निदान तीन आठवडे, बादली खरारा सगळं वेगळं आणि साईसने त्यांचं काम शेवटी करायचं. यात्रेत ठिकठिकाणची जनावरं एकत्र येतात, कोण काय घेऊन आलंय कळत नाही. माझी खरी भीती ग्लँडर्सची आहे कारण तो माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि फोड अशी लक्षणं असतात, पण काही घोडे वरून ठणठणीत दिसतात. म्हणून रक्ततपासणी, नमुने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जातात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याची तपासणी होते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार हा रोग लपवता येत नाही, कळवावाच लागतो. मालक "माझे घोडे स्वच्छ आहेत" म्हणाला तर रिपोर्ट दाखव म्हणा, बाकी गप्पा नकोत.

प्रश्न: तबेल्याच्या माळ्यावर कडबा भरलाय, खाली साईस विडी ओढतो, पंख्याच्या वायरी लोंबतात, आणि मुलांना हेल्मेट नाही. हे सगळीकडे असंच असतं का? – एक बाबा, ठाणे

उत्तर: बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणून चालतं असं नाही. कडबा घोड्यांच्या डोक्यावर ठेवायचाच नाही, वेगळी शेड लागते. वायरी पाइपमध्ये घ्यायला सांगा नाहीतर उंदीर कुरतडतात. दारं बाहेरच्या बाजूने एका हाताने उघडतात का तेही बघा, आणि घोडा बांधलेली गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी. हेल्मेटबद्दल मात्र चर्चा नाही, हेल्मेट नाही तर मूल घोड्यावर नाही, शिकवणारा कितीही मोठा असो, त्या दिवशी पोराला घेऊन घरी या.