बागेसाठी किती जागा मागावी? आधी फाटकं किती ते विचारा

तुमच्या शहराचा नवा विकास आराखडा येतोय आणि बागांसाठी किती टक्के जागा मागावी, असं तुम्ही विचारलंय. जागा भरपूर मागाच. पण तिथे पोचायचं कसं आणि आत शिरायचं कुठून, हेही तेवढ्याच जोरानं मागा.

माझी आई वॉकर घेऊन चालते. आमच्या घरापासून बाग दोनशे पावलांवर आहे, झाडं सुरेख आहेत. पण मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकात आडवेतिडवे लोखंडी पाइप रोवलेत, त्यातून वॉकर जात नाही. मागच्या फाटकाला कायम कुलूप. दुपारी तर बाग बंदच असते. घरकामाला येणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मधल्या वेळात टेकायला सावली हवी असते, ती नेमकी तेव्हाच. नकाशात मात्र ही बाग आम्हा सगळ्यांच्या वाट्याला धरलेली आहे.

दादरला मावशीकडे गेलो की आई आधी शिवाजी पार्कला जाऊ म्हणते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं, म्हणजे शहर सुधारणेसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेनं, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली. त्या आखणीतलं हे सुमारे २८ एकरांचं मैदान १९२५ मध्ये लोकांना खुलं झालं, भोवतालच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या. आणि त्याला कुंपण कसलं, तर कट्टा! सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, बसता येईल एवढाच उंच. टॅक्सीतून उतरून आई चार पावलांत तिथे टेकते. समोर क्रिकेट, शेजारी कुणीतरी अनोळखी आजी, मग तासभर गप्पा. मैदानात उतरायची तिला गरजच पडत नाही.

माणशी किती बाग, या सरासरी आकड्यावर जाऊ नका. शहराच्या एका टोकाला मोठं उद्यान केलं की सगळ्यांचा आकडा सुधारतो, बाकीच्या वस्त्या कोरड्याच राहतात. सिंगापूरनं २०३० पर्यंत प्रत्येक घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर बाग असावी असं ठरवलंय. मला हे माप पटतं, फक्त ती दहा मिनिटं म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं मोजावीत.

आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात. तेव्हा बागेसाठी आरक्षित भूखंडापर्यंत एकदा स्वतः चालत जा, जमलं तर घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन. मध्ये हमरस्ता किंवा नाला आडवा येत असेल, तर तेच पहिल्या ओळीत लिहा.